गुरुवारचं वाचनालय

ता. ९ मार्च, शनिवार

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशीलच. चार वर्षांनी लिहितेय, तेव्हा फाडायचं तर वाचून फाड. इकडे सगळं ठीक. माझं शिवणकाम चालू आहे, गुडघे कुरकुरतात, आणि तुझे बाबा निवृत्त झाल्यापासून फारच वाचायला लागलेत.

त्या वाचनाबद्दलच लिहायचंय. दर गुरुवारी दुपारी वाचनालयात म्हणून जातात, तीनला परततात आणि दोन घासांत पोट भरलं म्हणतात. एकदा शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग दिसला. हुंगून पाहिला. पुस्तकांना सोयासॉसचा वास कधीपासून यायला लागला? मग खिशात स्टेशनजवळच्या चायनीज हॉटेलचा कागदी रुमाल सापडला, आणि मनात पाल चुकचुकली. माणूस सत्तरीला टेकलाय, पण भरवसा कुणाचा द्यावा?

परवा गुरुवारी साडी बदलून दारात उभी राहिले. म्हटलं, "आज मलाही चायनीज खायचंय. स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात."

"तिथे फार गर्दी असते गं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

गर्दी होतीच. अर्धा तास दारात ताटकळलो. सूप आलं ते कोमट, नूडल्सचा नुसता गोळा, आणि भात शेवटपर्यंत आलाच नाही. पण माझं लक्ष ताटात कुठे होतं? मी टेबलाटेबलावरच्या बायका निरखत होते. हे दोनदा हात धुवायला उठले, दोन्ही वेळा फोन घेऊन.

तेवढ्यात वेटर लहान मुलांची उंच खुर्ची ओढत आमच्याकडे आला. "आजोबा, आज छोटी कंपनी नाही? आणि ताई?"

ताई म्हणजे तू, हे मला तिथेच उमगलं.

"केवढं आहे?" मी विचारलं.

"दीड वर्षाचं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"या घराचा उंबरा चढू नकोस, असं तिला तूच म्हणाली होतीस. ती घाबरते तुला."

मुलगा की मुलगी विचारलं, तर म्हणाले, "ते तिलाच विचार." तुझा पत्ता मात्र मुकाट्याने लिहून दिला.

खरं सांगू? दुसरी कुणी बाई निघाली असती तर बरं, असं क्षणभर वाटलं. भांडता तरी आलं असतं. तुझ्या लग्नाला मी आले नाही. जावई कसा आहे, तेही पाहिलं नाही. राग तर वर्षभरात ओसरला होता, पण माघार कोणत्या तोंडाने घ्यायची? तुम्ही बापलेक तिथे माझ्याबद्दल काय बोलता, हा संशय अजून आहे. वाईटच बोलत असाल. बोला.

येत्या गुरुवारी मी यांच्याबरोबर येणार आहे. बोलावंसं वाटलं नाही, तर मी दुसऱ्या टेबलावर बसेन. फक्त येणं टाळू नकोस.

तुझी आई,
आणि दीड वर्षापासून कुणाची तरी आजी