लेकीकडचा चढ आणि चार टायर

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लेकीला फोन केला. तिने डोंगरावर नवं घर घेऊन सहा महिने झाले, आता बघायला येतो म्हटलं. ती म्हणाली की शेवटचा चढ फार खराब आहे, नुसती खडी आणि खड्डे, तुमची गाडी यायची नाही. फार हळवी पोरगी. बापाच्या गाडीचीसुद्धा काळजी.

म्हणजे प्रश्न फक्त टायरचा आहे. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी तपासली ती काय उगाच? अडचण एकदा नेमकी कळली की निम्मं काम झालं. ऑल-टेरेन टायर घ्यायचे. डांबर, खडी, चिखल, कुठेही चालतात. शनिवारी फायनल. रविवारी लेकीकडे.

४ फेब्रुवारी, सकाळ

माझी गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही. अंगाने जीप, पायाने मोटार. निम्म्या कंपन्या या साइजमध्ये ऑल-टेरेन बनवतच नाहीत. रिव्ह्यू वाचतोय. एक म्हणतो टायर आवाज करतात. दुसरा म्हणतो मायलेज घसरतं. तिसरा म्हणतो आयुष्य बदललं. तिसरा अभ्यासू वाटला.

संकल्प: रिव्ह्यू रोज फक्त तासभर.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

दिवस रिव्ह्यूत गेला. जेवण राहिलं. टोस्ट खाल्ला, सिंकपाशी, उभ्यानेच. बसून खाल्लं की भांडी वाढतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

टायरच्या दुकानात गेलो. टायरवाल्याने मला बघताच कोपऱ्यातला एक सेट पुढे ढकलला. मोठ्या खाचांचे टायर, वर बोटभर धूळ. म्हणे, काका, तुमच्यासाठीच ठेवलाय. मी काय दुधखुळा आहे? न खपलेला माल गळ्यात मारत होता. शिवाय साइज एक नंबर मोठी. मी त्याला टायरवरची बनावटीची तारीख कशी वाचायची ते समजावून सांगितलं. मग चहा झाला. छान वेळ गेला.

फायनल पुढच्या शनिवारी. घाईने घेतलेला टायर आयुष्यभर छळतो.

१० फेब्रुवारी

इंटरनेटवर टायरवेड्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. ‘खडकफोड्या’ नावाचा एक गृहस्थ लगेच उत्तर देतो. खरं नाव माहीत नाही, त्यालाही माझं नाही. पण रोज सकाळी टायरमधली हवा किती ठेवली ते विचारतो. इतक्या आस्थेने चौकशी अलीकडे कोणी केली नव्हती. लेकीची आई आठ वर्षांपूर्वी वेगळी राहायला गेली. कारण अजून नीट कळलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

लेकीला सात टायरांचे फोटो पाठवले, खाली माझी निरीक्षणं. तिने अंगठा पाठवला. उत्सुक आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फायनल पुढे ढकललं. रबराच्या मिश्रणाबद्दल दोन मतं आहेत.

मागच्या वेळची आठवण झाली. लेक-जावयांच्या जुन्या फ्लॅटवर चार दिवस राहिलो होतो. बाथरूमचा उतार उलटा निघाला. खिडकीची चौकट तिरकी, ओटा काटकोनात नाही. सगळं दाखवून दिलं. जावयांच्या हातात सपाटी तपासायची लेव्हल देऊन बबल कसा बघायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी बोलत होते बिचारे. चौथ्या दिवशी तोंडातून अक्षर नाही. ऐकून घेण्याची वृत्ती आहे. लेक आतल्या खोलीत रडत होती, बहुधा मी निघणार म्हणून. आता तर अख्खं घर आहे, किती बघण्यासारखं असेल.

१९ फेब्रुवारी

बहिणीचा फोन. बोलता बोलता म्हणाली की लेकीची आई मागच्या महिन्यात त्या डोंगरावरच्या घरी आठवडाभर राहून आली. स्वतःच्या गाडीने. तिची ती डबीएवढी गाडी!

मग लक्षात आलं की छोटी गाडी हलकी असते, खड्ड्याच्या कडेकडेने निघून जाते. शास्त्र आहे यामागे. माझी जड, तिला टायर लागतात. बहिणीला समजावलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो तेव्हा टायरवाला एका टेम्पोखाली शिरत होता. बाहेर येईना. बिघाड मोठा असणार. तोवर आलेल्या गिऱ्हाइकांना मीच माहिती दिली. एकाने विचारलं की मालक तुम्हीच का. नाही म्हणायला जड गेलं.

घरी आलो. कुलूप काढलं, दिवा लावला. आज कोणीतरी मला काहीतरी विचारलं, हे सांगायचं होतं. सांगायला कोण बसलंय? इथे लिहून ठेवतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

घेतले! सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कोपऱ्यातला तो धुळीचा सेटच योग्य. टायरवाल्याने तो सुचवला होता, पण ते निव्वळ गिऱ्हाईक बघून. मी शास्त्रशुद्ध मार्गाने तिथे पोचलो. साइज मोठी, त्यामुळे गाडी बोटभर उंच झाली. लेकीच्या खड्ड्यांना बोटभर पुरे.

एक बारीक बाब. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की टायर आत घासतो. म्हणजे पूर्ण फिरवायचं नाही. प्रश्न मिटला.

संध्याकाळ: आमच्या पार्किंगमध्ये डावीकडे पूर्ण वळल्याशिवाय शिरता येत नाही. गाडी रस्त्यावर लावली.

२ मार्च

फोटो खडकफोड्याला पाठवला. उत्तर नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग ग्रुपवर बघितलं तर तो ग्रुप सोडून गेलेला. कोणी काही बोललं का त्याला? गाडी विकली असेल. सांगून तरी जायचं. वाईट वाटलं. मूर्खपणा आहे, पण वाटलं.

हवा कोणीच विचारली नाही. तेहतीस ठेवली आहे.

३ मार्च

गाडीने वेग घेतला की वॉशिंग मशीन पिळायला लागल्यासारखा आवाज येतो. रेडिओ ऐकू येत नाही. गाडीत बोलणारं कोणी नसतंच, त्यामुळे तोटा काही नाही.

५ मार्च

चाचणी घेतली. मागच्या बांधकामाच्या प्लॉटवर मातीचे ढीग आहेत, तिथे गाडी घातली. पहिला ढीग झकास. दुसऱ्यात पुढची चाकं रुतली. वॉचमन आणि सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर यांनी दोर लावून ओढलं. वॉचमनने विचारलं की आत कशाला शिरलात. म्हटलं, लेकीकडे जायचंय. तो इकडेतिकडे बघायला लागला.

निष्कर्ष: चाचणी यशस्वी. दोष मातीचा.

७ मार्च, शनिवार

उद्या निघतो. फोन करणार नाही. केला तर उगाच रस्त्याची काळजी करत बसेल. लेव्हल घ्यावी का? घेतली. टेपही.

९ मार्च, सोमवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

घाट नीट चढलो. शेवटचा चढ लागला तशी सीट पुढे घेतली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि खड्ड्यांची वाट बघत राहिलो. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. मनात म्हटलं, वा रे टायर, खड्डा पोटातच घेतात. खडी लागली म्हणून कळलंसुद्धा नाही. आणि घर आलं.

उतरलो. मागे वळून बघितलं. डांबर. कडेने पांढरा पट्टा. पट्टा पुसत आलेला, डांबराला बारीक केसाएवढ्या भेगा. डांबराचं वय मला कळतं. चांगलं चार वर्षांचं होतं. लेकीचं घर सात महिन्यांचं.

तिथेच उभा राहिलो. परत फिरावं असं वाटलं, पण गाडी वळवायला स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवावं लागलं असतं.

लेक बाहेर आली. चेहरा पडला, मग तिने तो सावरला. मी म्हटलं रस्ता छान आहे. ती हो म्हणाली. जरा वेळाने खाली बघत म्हणाली की तो कधीच खराब नव्हता. जावई तुमच्या येण्याचा धसका घेतात, म्हणाली. मग हळूच म्हणाली, मीपण घेते. मी बरं म्हटलं. लेव्हलची पिशवी गाडीतच राहू दिली.

आत गेलो. ठरवलं की काही बघायचं नाही. दार फरशीला घासत होतं, नाही बघितलं. शेल्फ एका बाजूला कललं होतं, म्हणून छताकडे बघितलं. छताला भेग होती. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसलो. जावयांनी चहा आणला, तब्येत विचारली आणि त्यांना बागेत काहीतरी काम निघालं. हॉस्पिटलची रात्रपाळी करून लेक नुकतीच आली होती, नर्सचं काम, डोळे लाल. चूक काढायची नाही तर माणसं घरात बोलतात तरी काय? मला खरंच माहीत नाही. इतका एकटा मी माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा कधी नव्हतो.

कप रिकामा झाला. आता निघतो म्हणणार तेवढ्यात तीच म्हणाली, बाबा, टायरचं सांगा ना. फोटो पाठवले होते तुम्ही.

कीव आली असेल. असू दे. मी सांगायला लागलो. रबराचं मिश्रण, खाचांची खोली, बाजूची भिंत जाड का लागते, हवा तेहतीस का. ती पाय पोटाशी घेऊन बसली. हं, हं म्हणत होती. मधे एकदा खरोखरचा प्रश्न विचारला, मग हवा थंडीत कमी होते का. अगदी बरोबर प्रश्न. मी सविस्तर उत्तर दिलं.

उत्तर संपवून बघतो तर डोकं सोफ्याच्या पाठीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. झोपली होती. उठून निघायला हवं होतं. पण टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे कधी लावायची, ते राहिलं होतं. आवाज एकदम खाली आणला आणि तेवढं सांगून टाकलं.