आखणीचा हात

आबा, तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता. ऐन सीझनमध्ये मूर्तींचा कारखाना टाकून तुमची लेक दर बुधवारी शाहूपुरीत एका बाईंसमोर बसून बोलायला जाते. नुसतं बोलायला! "एवढं काय बोलायचं असतंय गं? माती मळ की," म्हणाला असता. पण माती मळून भागेना आबा. गेल्या वर्षापासून डोळ्यांची आखणी करायला ब्रश उचलला की माझा हात लटलट कापतो. अंगाचा रंग होतो, दागिने होतात, डोळे आले की संपलं. चाळीस गणपती बिनडोळ्यांचे उभे आहेत आणि गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येताहेत. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही, मग त्यांनीच या बाईंचा पत्ता दिला.

बाईंची एकच अशी रीत नाही. कधी श्वासावर लक्ष ठेवायला लावतात, कधी लहानपणचं विचारतात, कधी ब्रश धरताना मनात काय आलं ते वहीत लिहून आणायला सांगतात. मी विचारलंच, "मॅडम, ह्यातलं नक्की औषध कंचं?" तर म्हणाल्या, "माणूस बघून ठरवते." गेल्या बुधवारी त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. इथं वडील बसलेत समजा, म्हणाल्या, आणि बोला. तुम्ही जन्मात कधी खुर्चीत बसला होता काय? पोत्यावर मांडी घालून काम करायचा. मला रडूच कोसळलं. मग म्हणाल्या, पत्र लिहून आणा.

तर माझ्या हातात तुमचा ब्रश आला, तोच दिवस लिहिते. गणपतीच्या आदल्या दिवशीची सकाळ. मंडळाची माणसं दारात खोळंबलीत. तुम्ही मोठ्या मूर्तीपुढं, मी शेजारी रंगाची वाटी धरून. डावा डोळा झालाय. उजव्याला ब्रश टेकता आणि रेघ घसरते, पार गालापर्यंत. "आबा, म्हातारं झालासा व्हय?" कुणीतरी म्हणतं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि मी सगळ्यांदेखत ओरडते, "सकाळी सकाळी पिऊन बसलायसा काय?" माणसं खो खो हसली. तुम्ही मूर्तीचा गाल पुसून घेतला, ब्रश धुतला आणि माझ्या हातात दिला. "तूच कर बाळ. तुझा हात बरा हाय."

बापानं लेकीच्या हाती ब्रश दिला म्हणून गल्लीत माझं केवढं कौतुक झालं! मीही मिरवून घेतलं. पुढं सहा वर्षं तुम्ही जगला, ब्रशला शिवला नाही. माती मळत बसायचा. दारूनं चांगला कलाकार खाल्ला, असं लोक तुमच्या तोंडावर म्हणायचे आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तुमचाही हात माझ्यासारखाच भीतीनं कापत असेल, हे आत्ता कुठं ध्यानात येतंय. तेव्हा एकदा तरी विचारायला हवं होतं मी. फार जड जातंय आबा.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, बुधवारी बाईंना वाचून दाखवायचं आहे. इथपर्यंत वाचेन. पुढचं काही माझ्याच्यानं वाचवणार नाही. रेघ घसरली तेव्हा तुम्ही रोखलेला श्वास सोडला, तो माझ्या तोंडावर आला. नुसता चहाचा वास होता. ओरडायच्या आधीच मला कळलं होतं.