येसाजीकाका गोष्टीत येत नाहीत

भिसेगाव, कर्जत
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. सौ. संजनाताईस,

नवीनचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो, अक्षदा साक्षीला आहे. वाकल्यावर पाठीत उसण भरली आणि तीच हसत बसली, ते वेगळं.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचं पथ्यपाणी चालू आहे, की अजून ते कोपऱ्यावर उभ्या उभ्या जिलबी खाऊन घरी भूक नाही म्हणतात? दारातला शेवगा अजून शेजाऱ्यांच्याच अंगणात शेंगा टाकतो का?

इकडे आम्ही मजेत आहोत. बाळाला परवा तीन महिने झाले. तिला अजून नाव नाही. येसाजीकाका ठकी म्हणतात, नूरबानो चाची गुड्डी म्हणतात, अक्षदा दिवसाला तीन नावं बदलते आणि दवाखान्याच्या कार्डावर ‘अक्षदाचे बाळ’ एवढंच लिहिलंय. बारसं का राहिलं ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. आत्या नसेल तर कानात नाव सांगायचं कोणी? पण त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर लिहिणार नाही. दीड वर्षात आपण बोललेलो नाही, त्यात सुरुवातच भांडणाने केली तर तू हा कागद शेगडीवर धरशील. म्हणून माझी फजिती सांगतो. माझी फजिती ऐकायला तुला लहानपणापासून आवडते.

तर त्याचं असं झालं. आमच्या खालच्या मजल्यावर तल्हा राहतो, स्टेशनाजवळ मोबाईल दुरुस्त करतो. नूरबानो चाची त्याची आई. (बाळाला तेल लावायला रोज वर येते आणि जाताना मलाच ओरडून जाते.) या तल्हाला एका खेळाचं वेड लागलंय. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आता पुढे काय करणार, हे ज्याचं त्याने सांगायचं आणि जमलं की नाही ते फासा टाकून ठरवायचं. गोष्ट कोण सांगणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी शाळेच्या लायब्ररीत असतो. ताई, मी तिथे पुस्तकांना नंबर घालतो गं. पण हे ऐकतंय कोण? तल्हा, चाची आणि मी झालो तिघं; चौथा गडी हवा होता, तो मिळाला येसाजीकाकांच्या रूपाने. काका समोरच्या चाळीत राहतात. जन्मभर भात लावला, आता शेती मुलाच्या गळ्यात घालून रोज आमच्याकडे पेपर वाचायला येतात. दर रविवारी दुपारी आमच्या गच्चीवर आम्ही जमायला लागलो. तल्हाचं म्हणणं, गोष्ट उघडताना माणसांना असं खेचून घ्यायचं की ती साहसाला निघालीच पाहिजेत. मला वाटलं, त्यात काय मोठं?

पहिल्या रविवारी मी सुरुवात केली अशी: तिघं टपरीवर चहा पीत बसलेत, तेवढ्यात एक रक्तबंबाळ माणूस धडपडत येतो, त्यांच्या हातात एक जुना नकाशा कोंबतो आणि कोसळतो. मी मोठ्या ऐटीत थांबलो. येसाजीकाका म्हणाले, “आदी त्याला दवाखान्यात न्या रं. आनि त्या कागदाला कुनी हात लावू नका, पंचनामा व्हायचा हाय.” चाचीने तर जाहीर केलं की ती घरी जाऊन त्याच्यासाठी तांदळाची पेज करणार. पेज नीट शिजली का, यासाठी फासा टाकला. (शिजली.) सबंध दुपार आम्ही त्या माणसाच्या खाटेशी बसून काढली. त्याला बरं वाटलं, त्याने आपला नकाशा परत मागून घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि एकटाच साहसाला निघून गेला. तल्हाने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या रविवारी मी हुशार झालो. परक्याचा नकाशा नको तर घरचाच घ्या, म्हणून सांगितलं की काकांच्या पणजोबांनी कोथळीगडाच्या पायथ्याला एक पेटारा पुरून ठेवलाय आणि त्याची खूण आज सापडली. काका खूश झाले, सावरून बसले आणि विचारलं, सातबारा कुनाच्या नावावर हाय? मी म्हटलं, काका, ही गोष्ट आहे. ते म्हणाले, गोष्ट असंल, पन जमीन तर हाय ना? मग वारस निघाले. काकांना गोष्टीत चार बहिणी आहेत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि बहिणींना घरी जाऊन विचारल्याबिगर मी कुदळ मारनार नाय म्हणून हटून बसले. मी चिडून म्हटलं, बहिणींना काय विचारायचं, त्या घरच्याच आहेत. (हे वाक्य तू दोनदा वाचलंस तर मला राग येणार नाही.)

मग तल्हाने मला बाजूला घेतलं. गोष्ट मधूनच सुरू कर, म्हणाला, विचार करायला वेळच देऊ नको. म्हणून तिसऱ्या रविवारी बसल्या बसल्या ओरडलो: तुम्ही जंगलातून धावताय, मागे बिबट्या लागलाय! काका म्हणाले, माजा पाय दुकतोय, मी नाय धावत. आणि गोष्टीतल्या जंगलात मांडी घालून बसले. चाची म्हणाली, “मी त्या जंगलात आलेच कशाला ते सांग पहिलं. घरात कुणाला सांगून निघाले का मी?” एकटा तल्हा धावला. काकांनी फासा टाकला, सहा पडले, बिबट्या त्यांचा वास घेऊन निघून गेला आणि तल्हा नदीत पडला. माझ्या पोरीला कडेवर घेऊन अक्षदा दारात उभी होती, ती इतकी हसली की पोर दचकून रडायला लागली.

चौथा रविवार म्हणजे मागचा. मला आता हट्टच चढला होता. राजाची दवंडी काढली. ढोल, घोडा, सगळं. राज्यावर संकट आलंय हो, ज्याच्या अंगात हिंमत असेल त्याने वाड्यावर यावं हो! माझा घसा बसला, समोरच्या चाळीतली दोन माणसं बाहेर येऊन बघून गेली. काका जागचे हलले नाहीत. मी रडकुंडीला आलो. म्हटलं, काका, अहो राजा बोलावतोय, आता तरी निघा! तर शांतपणे म्हणाले, “दवंडी गावाला असती रं. मला कुनी बोलावलं? माज्या दारात कोन आलं?” चाचीने लगेच मान हलवली. म्हणाली, आमच्यात पण दावत द्यायला घरातलं माणूस चालत जातं, नुसता आवाज दिला तर कोण येईल?

मी हात टेकले. बरं बाबा, म्हटलं, राजाचा माणूस तुमच्या ओट्यावर आलाय. हातात कुंकू, सुपारी, सगळं आहे. तो म्हणतोय, तुम्ही आल्याशिवाय आमचं चालायचं नाही. ताई, खोटं नाही सांगत, काकांनी खिशातून खरी टोपी काढली आणि डोक्यावर घातली. त्या माणसाला पाणी दिलं, तू कुनाचा रं विचारलं, चहा पाजला आणि पाच मिनिटांत दोघं निघाले. तिन्हीसांजेपर्यंत दोन डोंगर चढून गेले, नदी ओलांडली, काकांनी तर त्या दुखऱ्या पायाने बुरूज चढला. तल्हा म्हणाला, एवढं सोपं होतं? तेव्हा काका टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, “सोपंच असतंय. न बोलावलेलं मानूस येत नाय म्हंजे त्याला यायचं नसतंय असं नाय रं. ते कापडं घालून तयार बसलेलं असतंय घरात.”

माझ्या हातातून फासा खाली पडला तो गच्चीच्या पन्हाळीत गेला. अजून सापडलेला नाही.

ताई, लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता लिहितोच. आमच्या या घराच्या वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला होता. म्हणाले, तुझी ताई नवी साडी नेसून दुपारी दोनपर्यंत ओट्यावर बसली होती, मुराळी म्हणून तू न्यायला येशील म्हणून. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, ग्रुपवर पत्रिका टाकली होती की, आणि खालापूर काय विलायतेत आहे का, रस्ता माहीत आहे तिला. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण, असं मला वाटत होतं. अक्षदाच्या मावशीच्या नणंदेला मी पेण रस्त्याला शोधत जाऊन कुंकू लावून आलो, आणि तुला त्रेचाळीस माणसांच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. वर सहा महिने मीच रुसून बसलो. बाळ झाल्यावर तरी अक्कल यावी? तर पेढ्यांचा डबा दाजींच्या ऑफिसात ठेवून आलो. तुझी गल्ली तिथून पाच मिनिटांवर होती. मी गाढव आहे. हे तू मला पहिलीपासून सांगत आलीस, मी उगाच वाद घालत होतो.

एवढंच. दाजींना नमस्कार. लोभ माझ्याकडून आहेच, तुझ्याकडून किती उरलाय ते तू बघ.

तुझा धाकटा,
नवीन

ता. क. खरं म्हणजे पत्र एका कामासाठी लिहिलं. आईचा सागवानी पाळणा तुझ्या माळ्यावर आहे, तो बाळासाठी हवा होता. त्याची एक कडी सैल आहे, ती मी बसवून घेईन. बाकी वर लिहिलेलं मनावर घेतलं नाहीस तरी चालेल.

आणखी एक. पाळण्याचं निमित्त आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. अक्षदाने आत्ताच मला सांगितलं की पाळणा बाजारात मिळतो, आत्या मिळत नाही. वरचं सगळं मनावर घे.

शेवटचं. अक्षर वाकडं आलंय कारण हे तल्हाच्या व्हॅनमध्ये बसून लिहितोय. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशील. पोस्टात टाकतो म्हटलं तर येसाजीकाका उखडले, म्हणाले, परत दवंडीच देतोस व्हय रं? म्हणून आम्ही सगळेच आलोय. तुझ्या दाराबाहेर, शेवग्याजवळ. (शेंगा शेजाऱ्यांकडेच आहेत.) तोंडाने बोलायला गेलो तर मी निम्म्यात वाद घालीन, म्हणून चाची हे दाराच्या फटीतून आत सारणार आहे. माझ्या हातात कुंकवाची पुडी आणि सुपारी आहे, काका टोपी घालून उभे आहेत आणि दोनदा आग्रह केल्याशिवाय चहा घेणार नाहीत. तुला नवी साडी नेसायला वेळ लागला तरी मी थांबतो, दोनपर्यंत काय, दिवेलागणीपर्यंत थांबतो. पण ताई, बाळ अक्षदाच्या मांडीवर झोपलंय आणि आता चुळबुळ करायला लागलंय. पोर उठली तर हाक मारायला तिला नाव नाही. लवकर बाहेर ये.