आबांच्या समुद्रावरचा फेस

आबा,

तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला आहे आणि त्याची पाटी फ्लेक्सची आहे. जन्मभर तुम्ही लोकांच्या पाट्या रंगवल्यात, स्वतःसाठी चित्र एकच काढलंत. साखरेनं डोळे जात चालले होते तेव्हा एसटीनं मालवणला गेलात, चार दिवस खडकावर बसलात आणि घरी येऊन तैलरंगात तो समुद्र काढलात. खडकावर आपटणारी लाट, तिचा फेस पांढऱ्या रंगाचे थरच्या थर देऊन उठवलेला. वरून वाळला तरी आतून वर्षभर ओला राहतो, कुणी हात लावायचा नाही, असं आम्हाला बजावलंत. पावसाळा सरेपर्यंत तुमची नजर पार गेली. मग तुम्हीच रोज सकाळी भिंतीशी उभे राहून फेसावरून अलगद बोटं फिरवायचात. म्हणायचात, दिसतंय की.

खंडेनवमीला तुमचे ब्रश, डबे पूजेला मांडायचे होते. मी दोन घरांपलीकडंच दिलेली, सकाळीच आले. चित्रही पूजेत ठेवावं, हे माझंच डोकं. त्यावर धूळ होती. तुम्ही पाट्या रॉकेलच्या बोळ्यानं पुसून लख्ख करायचात, तेच मी केलं, चांगला जोर लावून. पाटीचा रंग वेगळा आणि हा वेगळा, एवढी अक्कल पेंटरच्या लेकीला नसावी? फेस सगळा बोळ्यावर आला. तुम्ही आत अंघोळ करत होतात.

मग तुम्ही आलात, हळदकुंकू वाहिलंत आणि सवयीनं बोटं लाटेवर नेलीत. ती तिथंच थांबली.

"सपाट लागतंय की गं."

"लाट हाय तशीच हाय, आबा. साखरंनं बोटं बधिर झाल्यात तुमची."

तुम्ही बोटं एकमेकांवर घासून पाहिलीत. "व्हय. आता तीबी गेली म्हणायची," म्हणालात आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलात. त्यानंतर तुम्ही आपणहून कशालाच हात लावला नाहीत. ब्रश भंगारात द्यायला सांगितलेत. माझी लेक झाली, तिला तुमच्या मांडीवर ठेवलं, तर तिचं तोंडही चाचपलं नाहीत. मला काय कळणार, घे, म्हणालात. मी रोज चहा घेऊन यायची. कप गरम असला की तुमचा हात चटकन मागं यायचा, ते मला दिसायचं. तरी मी तोंड उघडलं नाही, आणि वर्षभरात तुम्ही गेलात.

तुमची बोटं शाबूत होती, आबा. एवढंच सांगायचं होतं. आता सांगून कुणाला काय मिळणार?

चित्र माझ्याकडं आहे. आजोबांनी लाट अर्धीच का काढली, असं तुमच्या नातीनं काल विचारलं. मी म्हणाले, डोळे गेले होते ना त्यांचे.