पतीच्या मोबाईलचा रकाना

प्रिय रुपाली,

तुझ्या सासरच्या गावच्या आशा सेविका लंकाबाई गोळ्यांच्या पुडीतून हे पत्र देतील. वाच आणि लगेच चुलीत घाल. शाळेतल्या तुझ्या चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्यात, पण ही तू जपू नकोस.

मी पुरती वैतागलेय बघ. पंधरा दिवस नुसते फोन लावतेय. हेल्पलाइनवाल्या म्हणतात, बाईनं स्वतः बोललं पाहिजे. अगं, पण घरात फोन एकच आणि तो गोरक्षच्या खिशात! सुप्याची कंपनी बंद, म्हणजे तुझा नवरा चोवीस तास घरातच. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, आधी करोना आटपू द्या, घरगुती भांडणं मग बघू. तुझं सुजलेलं मनगट मी डोळ्यांनी पाहिलंय आणि हे त्याला भांडण म्हणतात! वर आम्हा आशांना मोबाईलवर ट्रेनिंग, की अशा बायकांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवा. डोंबल!

तू दुधाच्या टेम्पोतून माहेरी आलीस तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. तुझे अण्णा पलीकडे उभे होते, पण गावच्या करोना कमिटीपुढे त्यांचं काही चाललं नाही. बाहेरून आलेल्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं, असा गावाचा नियम. तू उलट खूशच झालीस. आपल्याच चौथीच्या वर्गात सतरंजी टाकलीस, माझ्या अम्मीनं पाठवलेली खिचडी खाल्लीस आणि म्हणालीस, लई दिवसांनी पोटभर जेवले. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

चौथ्या दिवशी गोरक्ष तुला परत न्यायला शाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा तू अण्णांकडे बघितलंस. तुला वाटलं, त्यांनीच कळवलं. परवा ते तुझ्या सासरी भेटायला आले तर तू उठून आत गेलीस म्हणे. म्हातारा माणूस त्या दिवसापासून धड जेवत नाही.

रुपाली, अण्णांनी नाही, मी कळवलं. शाळेत ठेवलेल्यांच्या रजिस्टरात ‘पतीचा मोबाईल’ असा रकाना होता, फोन करून खात्री करायची होती. आठ वर्षांत मी एकही रकाना रिकामा सोडला नाही, त्याचा केवढा तोरा मला! तुझाही भरला. नंबर लावला आणि तू कुठे आहेस ते माझ्या तोंडानं सांगितलं. जीभ का झडली नाही माझी! माफी कागदावर मागत नाही, समोर मागेन.

आता नीट ऐक. गोरक्ष कुणाच्या बापाला भीत नाही, पण करोनाला भितो. सोमवारी सकाळी लंकाबाई ऑक्सिजन मोजायला येतील. निघायचं असेल तर दोनदा खोक, त्या तपासणीची चिठ्ठी लिहितील. तो तुझ्याशेजारी अँब्युलन्समध्ये बसणार नाही, लिहून घे. आत मी असेन. नगरला बायकांच्या आधारगृहात जागा मिळालीय, तिथे मनातलं ऐकून घेणाऱ्या एक ताईही आहेत. नको वाटलं तर खोकू नकोस, मी पुन्हा येईन. तिथल्या रजिस्टरात तुझं नाव मीच लिहिणार आहे. तो रकाना मात्र कोरा राहील.

अण्णांना खरं सांगून आलेली, तुझीच
शिफा