आईची शेंग

बुधवार, ६ मे १९९८. सकाळी सात.
पहाटेपासून तीन वेळा जावं लागलं. कालची रंकाळ्यावरची भेळ. घरात मात्र सांगितलं, हवा बदलली.
रविवारी मुरगूडला माझा सत्कार. चौऱ्याहत्तर सालची चौथीची पोरं जमणार. त्यांना शिकवलेली पाखरांची कविता मीच चालीवर म्हणणार. तोवर पोट ताळ्यावर आणायचंच.

दुपारी.
सहा. सूनबाई संयोगिता मीठ-साखरेचं पाणी घेऊन आली. परत पाठवलं. लहानपणी आई झाडाखाली बसून सहाणेवर शेंग उगाळायची. चार चाटणांत पोट गप्प. कुठली शेंग, ते विचारायचं राहिलं. पण डोक्यावर पिवळे घोस लोंबत होते, हे लख्ख आठवतं. म्हणजे बहावाच. एवढं काव्य दुसऱ्या झाडात नाही.

गुरुवार, ७ मे.
बहाव्याची हातभर शेंग मिळवली. उगाळता येईना. फोडून आतला काळा गर चमच्यानं खाल्ला. गोड. आईचंच औषध!
चार वाजता: अकरा. गुण येतोय. रोग बाहेर पडतोय.

शुक्रवार, ८ मे.
मोजणं बंद. सूनबाई म्हणाली, "मामा, रोग कवाच गेला आसंल. आता ही शेंगच बाहेर पडाय लागलीया." विज्ञान शाखेची मुलगी, एक कविता पाठ नसेल. डोस दुप्पट केला. मीठ-साखरेचं पाणी प्यालो, पण ते तहान लागली म्हणून. डॉक्टर नको म्हणजे नको.

शनिवार, ९ मे.
तालीम. पहिलं कडवं भिंत धरून. दुसऱ्याला पळावं लागलं. आवाज उत्तम आहे. उद्या साडेआठची एस.टी. कंडक्टर रसिक असला तर वाटेत थांबवेल.

रविवार, १० मे.
एस.टी. गेली. सूनबाईनं परस्पर मुरगूडला फोन केला. तीनला पोरंच जीप करून दारात. मी संडासात.
मागच्या बाकावरचा पिराजी आता जडीबुटी विकतो. दाराबाहेरून विचारलं, काय खाल्लं? सांगितलं. मग म्हणाला, "गुरुजी, पोटात मुरडा आला तर मुरुडशेंग उगाळत्यात. बोटाएवढी, पीळ पडलेली. बहावा जुलाब व्हावं म्हणून देत्यात की."
मी पिवळी फुलं सांगितली. म्हणाला, "आई सावलीला बसली आसंल, गुरुजी."
पुढचं दार कुणी वाजवतंय, असं आतून सांगून त्याला थांबवलं.
मग पोरांनी सोप्यात उभं राहून कविता म्हटली. चालीसकट, सगळी. दुसऱ्या कडव्यात चुकली. आतूनच दुरुस्त केली. पुन्हा म्हणायला लावली.
पोरांना परतायची घाई होती. सत्काराची शाल संडासाच्या बाहेरच्या कडीला अडकवून गेली.