तीन वर्षांचं कारण

वारंगा फाटा
२२ जून २००४, मंगळवार

ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. उन्हाळाभर पत्र टाळत आलो. आज लिहायला बसलो तेही नांदेडची गाडी चुकली म्हणून. एक ओळखीचा क्लीनर भेटला, बोलता बोलता एक गाडी गेली. दुसरी भजी खाण्यात गेली. इथली खिचडी मात्र पहिल्यासारखी राहिली न्हाई.

बातमी अशी की मी एम.ए.ला अर्ज करून राहिलो. लोकप्रशासन. हसू नको. मुक्त विद्यापीठाची बी.ए. कशीबशी निघाली. शुक्रवारी शेवटची तारीख.

बारावीनंतरची तीन वर्षं कागदावर रिकामी दिसतात, त्याचं शपथपत्र लागतं. काल कळमनुरीला तहसिलीसमोर फारुकभाईकडं गेलो. तो झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसतो.

"कारण?" म्हणाला.

"फिरत होतो. ट्रकवर."

"फिरनेवाले को कारभार कोण शिकवणार, राजा? सगळे आईचा आजार लिवतात. बराबर चालतं."

अन् टकाटका मारून मोकळा. 'आईच्या आजारपणात सेवेसाठी घरी राहावे लागल्याने शिक्षण खंडित झाले.'

ताई, आईचा लकवा खरा. तीन वर्षंही खरी. पण तिला कुशीवर वळवणारी, चमच्यानं पेज पाजणारी तू होतीस. मी सुरतेच्या रस्त्यावर टायर बदलत होतो.

सहीला पेन उचलला अन् नांदेडची ती भिंत आठवली. तिच्यावर लावलेल्या एम.ए.च्या प्रवेश यादीत तुझं नाव मीच शोधलं होतं, बोट ठेवून. तू किती वेळ माझं बोट तिथून काढू दिलं न्हाईस. मग म्हणालीस, "पम्या, घरी सांगायचं, नंबर लागला न्हाई. आबा एकटे आईला कसे सांभाळतील?" मी शब्द दिला अन् आठवड्यात ट्रकवर चढलो.

आबा आजही चारचौघांत सांगतात, "पोरगी हुशार, पण नंबर हुकला तिचा." मी मान डोलावतो.

सही अजून केली न्हाई. केली तर तुझी ती वर्षं माझ्या नावावर चढतात. न्हाई केली तर अर्ज घेत न्हाईत. करू का, सांग. तुझं उत्तर शुक्रवारपर्यंत येणार न्हाई, ठाऊक आहे. तरी काहून विचारून राहिलो, मलाच कळत न्हाई.

थांब. बाळापूरच्या जीपमधून आबा उतरले. काखेत कोकरू आहे. इकडंच येऊन राहिले.

बाकड्यावर माझ्याजवळ बसलेत. "कुणाला लिवून राहिला?" म्हणाले. ताईला, म्हटलं.

"मंग वाच की."

"तिच्यापुरतं आहे, आबा."

"आन् आमी काय परके हाव? तिचा बाप हाव मी. वाच, पयल्यापासून."

ताई, वाचायला घेतो. यादीपाशी आलो तरी थांबणार न्हाई.

शब्द मोडणारा तुझा भाऊ,
परमेश्वर